ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत : श्रवणचेतेच्या तपासणीविषयी

श्रवणयंत्रासाठी येणाऱ्या काही जणांची तक्रार ‘आवाज येतो, पण बोललेले कळत नाही’ अशी असते. त्यांना केवळ ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) पाहून यंत्र बसवणे आम्हांला योग्य वाटत नाही. कमीत कमी किती मोठा आवाज ऐकू येतो एवढेच त्यातून समजते, मात्र दोष आतील कानात आहे की मेंदूकडे जाणाऱ्या श्रवणचेतेत, हे ठरत नाही. शुद्ध स्वर बऱ्यापैकी ऐकू येऊनही शब्द ओळखण्याच्या चाचणीत फारच कमी गुण मिळाले, तर संशय चेतेवर जातो.

पुढे दोन चाचण्या एकत्र वाचाव्या लागतात. ओएईमध्ये (ओटोअकॉस्टिक एमिशन) आतील कानातील, आवाज टिपणाऱ्या केशपेशींकडून परत येणारा सूक्ष्म आवाज टिपला जातो, तर बेरामध्ये (ब्रेनस्टेम इव्होक्ड रिस्पॉन्स ऑडिओमेट्री) कपाळावर व कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवून, आवाज दिल्यानंतरच्या साधारण पहिल्या 10 मिलिसेकंदांत चेतेतून आणि मेंदूच्या खालच्या भागातून उठणाऱ्या लहरी नोंदवल्या जातात. ओएई व्यवस्थित, पण बेराच्या लहरी नाहीत किंवा विस्कटलेल्या असतील, तर ऑडिटरी न्यूरोपॅथीची, म्हणजे केशपेशी ठीक असूनही चेतेतून संदेश नीट न जाण्याच्या विकाराची, शक्यता असते.

मधल्या कानात पाणी असल्यास ओएई मिळतच नाही. ऑडिटरी न्यूरोपॅथीतही ओएईचा प्रतिसाद कधी काळानुसार नाहीसा होतो. त्यामुळे केशपेशी काम करतात का हे पाहण्यासाठी बेरा घेताना आम्ही ध्वनिलहर उलटी करून (तिच्यातील दाब व विरळपणाचा क्रम बदलून) दुसरी नोंद घेतो. केशपेशींची लहर त्याबरोबर उलटी होते, चेतेची होत नाही. मग आवाज कानात पोहोचू नये म्हणून इअरफोनची नळी चिमटीत दाबतो. तरीही लहर उरली, तर ती कानाची नसून यंत्राची समजावी.

अपुऱ्या दिवसांच्या किंवा तीव्र कावीळ झालेल्या बाळांची केवळ ओएई चाचणी पुरेशी नाही, कारण चेतेचा दोष असलेले बाळ ती उत्तीर्ण होऊ शकते. मात्र बेराचा आलेख सपाट आला म्हणजे बाळाला काहीच ऐकू येत नाही, असा अर्थ पालकांनी कृपया काढू नये. या विकारात प्रत्यक्ष किती ऐकू येते याचा अंदाज बेरावरून बांधता येत नाही, तो बाळाच्या प्रतिसादांवरूनच हळूहळू लागतो.

प्रौढांमध्ये एकाच कानाने कमी ऐकू येणे, त्याच कानात सतत गुणगुण होणे किंवा तोल जाणे अशी लक्षणे असल्यास आम्ही कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवतो. चेतेलगतची लहान गाठ बेरामध्ये निसटू शकते. तिच्यासाठी कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून दिले जाणारे औषध) देऊन केलेला एमआरआय सर्वांत विश्वासार्ह ठरतो.

बेरासाठी येताना कपाळाला तेल किंवा क्रीम लावू नये, आणि बाळाला शक्यतो झोपेच्या वेळीच आणावे.