माइक चालू झाला की तंबोऱ्याची जवारी कुठे जाते?

माझी भाची सांगलीत विश्रामबागला राहते आणि पुण्याच्या बाईंकडे लॅपटॉपवरून गाणं शिकते. दिवाळीत तिने वायरलेस इअरबड्स घेतले. लॅपटॉपवरचा तंबोरा लावून ऐकला, तर आवाज झकास, जवारी म्हणजे तारेच्या नादातली झळाळीही शाबूत. पण बाईंचा क्लास सुरू झाला की तोच तंबोरा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाजू लागे, आणि क्लास संपला की पुन्हा पहिल्यासारखा. दुकानदार म्हणाला, "नेट स्लो असेल, नाहीतर पीस खराब आहे."

दोन्ही कारणं चुकीची. तंबोरा लॅपटॉपच्या आतच वाजत होता, त्याचा नेटशी संबंध नाही. पीस खराब असता तर क्लास संपल्यावर सुधारला नसता. खरा प्रकार फार सुंदर आहे, म्हणून हा लेख.

आधी जोडणीचं थोडक्यात. बड्स डबीतून काढले की ओळखीच्या फोनला धावत जाऊन चिकटतात, म्हणून पहिल्या वेळी फोनचं ब्लूटूथ बंद ठेवावं. बड्सचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं आणि लॅपटॉपच्या ब्लूटूथ यादीत नाव दिसलं की निवडायचं. दोघं एक गुप्त किल्ली ठरवून आपापल्याकडे जपून ठेवतात आणि पुढच्या वेळी तिच्यावरून एकमेकांना ओळखतात.

पण जोडणी झाली, तरी आवाज पाठवायच्या रूढ रीती दोन आहेत. पहिली गाणं ऐकण्याची, ए२डीपी नावाची. आवाज लॅपटॉपकडून कानाकडे, एकाच दिशेने जातो. सेकंदाला साधारण ४४,१०० मापं घेतलेला (एक माप म्हणजे त्या क्षणी लाटेची उंची किती ते), डावा-उजवा वेगळा, थोडा साठवून मग वाजवलेला. वाटेत एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवायला सवड असते.

दुसरी बोलण्याची, एचएफपी. ती मुळात फोनवरच्या बोलण्यासाठी आखलेली. इथे आवाज जातोही आणि येतोही, आणि उशिरा पोचलेला शब्द काही कामाचा नाही. म्हणून या रीतीत वेळ आधीच राखून ठेवतात. ब्लूटूथ एका सेकंदाचे १,६०० तुकडे पाडतं, प्रत्येक ६२५ मायक्रोसेकंदांचा, आणि साधारणपणे दर तुकड्याला २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या ७९ वाटांपैकी दुसऱ्याच वाटेवर उडी मारतं. बोलण्याच्या मूळ रचनेत दर सहा तुकड्यांमधले दोन राखीव असतात, एक जायचा, एक यायचा. सहा तुकडे म्हणजे ३.७५ मिलिसेकंद. तेवढ्यात एका दिशेने ३० बाइट जातात. म्हणजे सेकंदाला ८,००० बाइट, अर्थात ६४,००० बिट. जुन्या डिजिटल टेलिफोनचा आकडा हाच! सेकंदाला ८,००० मापं, प्रत्येकी ८ बिट.

आता शाळेतलं गणित. लाटेचा चढ आणि उतार दोन्ही टिपायला किमान दोन मापं लागतात. म्हणून ८,००० मापांत फार तर ४,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. त्यापलीकडचं सगळं गाळलं जातं. बोलणं समजायला तेवढं पुरतं, तंबोऱ्याला नाही.

तंबोऱ्याचं मर्म घोडीत, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीत आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कारागीर जवारी काढताना पाहावं. घोडीचा माथा किंचित घासायचा, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, तार छेडून कान द्यायचा, पुन्हा घासायचं. घोडीच्या त्या हलक्या उतारावर तार कंप पावताना टेकत-सुटत राहते आणि मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, वीसपट, तीसपट कंपनांचे उपस्वर जागे होतात. तार जिथे छेडली तिथे ज्याचा स्थिर बिंदू (त्या उपस्वरात तार न हलणारी जागा) येतो तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा जुना नियम. तंबोऱ्यात तोही खणखणीत ऐकू येतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवलं.

भाची काळी चार पट्टीत गाते. तिचा षड्ज साधारण २०८ हर्ट्झचा. ४,००० च्या आत त्याचे एकोणीसच उपस्वर बसतात. पाचपट कंपनांचा स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा गंधार वाचतो, वरची झळाळी जाते. बऱ्याच नव्या बड्समध्ये बोलण्याची मापं १६,००० असतात, म्हणजे मर्यादा ८,००० हर्ट्झ. तिथेही वरचा भाग कापला जातोच, शिवाय डावं-उजवं एकच होतं.

क्लासचं ॲप बड्सचा माइक मागतं, म्हणून लॅपटॉप मुकाट्याने पहिली रीत सोडून दुसरी धरतो. खोक्यावरचा 'एचडी साउंड'चा छाप त्यात काही करू शकत नाही. काही दुकानांत बड्सवर चिकटवायला 'रेडिएशनरोधक' स्टिकरही मिळतात. स्टिकरने लहरी खरंच अडवल्या असत्या तर बड्स वाजलेच नसते. तो पैसा वाचवावा.

उपाय फुकट आहे. ॲपच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडायचा आणि ऐकण्यासाठी बड्स ठेवायचे. रविवारी भाचीला एवढंच करून दिलं. तंबोरा पुन्हा झुळझुळू लागला तशी ती डोळे मिटून बसली. नंतर ॲपमधली आवाज गाळण्याची सोयही बंद केली, कारण गाताना लांब धरलेला सूर त्या सोयीला पंख्याची घरघर वाटू शकतो.

पहिल्या रीतीत आवाज साठवून वाजतो, त्यामुळे थोडा उशीर होतो. तंबोऱ्याला लय नसल्याने तो जाणवत नाही. तबला मात्र सम चुकवायला लावतो, म्हणून तालाच्या रियाजाला तिने जुना वायरचा हेडफोन काढून ठेवला आहे.