बालजठरांत्रविज्ञान : प्रशिक्षण व संशोधन

बालजठरांत्रविज्ञान : मुलांची अन्ननलिका, जठर, आतडी, यकृत, पित्तमार्ग व स्वादुपिंड यांचे विकार आणि त्यांच्याशी निगडित पोषण यांचा अभ्यास करणारी बालरोगविज्ञानाची उपशाखा. या विषयाच्या तज्ज्ञास व्यवहारात ‘लहान मुलांचे पोटविकारतज्ज्ञ’ म्हणतात.

उपशाखेचा आरंभ केव्हापासून धरावा याबद्दल मतभेद आहेत. काही लेखक इंग्रज वैद्य सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये केलेल्या सीलिॲक विकाराच्या (गव्हातील ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याचे अस्तर खराब होण्याच्या) वर्णनापर्यंत मागे जातात. काहींच्या मते डच बालरोगतज्ज्ञ व्हिलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात या विकाराचा गव्हाशी असलेला संबंध मांडला, तोच खरा आरंभ होय. तथापि पोट न उघडता लहान आतड्याच्या अस्तराचा तुकडा काढणे मार्गोट शायनर यांच्या नळीमुळे (१९५६) व गिळून आतड्यात पोहोचवता येणाऱ्या क्रॉस्बी कुपीमुळे (१९५७) शक्य झाले आणि त्यानंतरच निदानाला ऊतींचा आधार मिळाला. त्यामुळे हा सुमार अधिक ग्राह्य वाटतो. यूरोपीय तज्ज्ञांची संघटना १९६८ मध्ये व उत्तर अमेरिकेतील १९७२ मध्ये स्थापन झाली.

भारतातील संशोधनात जलसंजीवनीचा (जुलाबात तोंडाने द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचा) उल्लेख सर्वत्र येतो. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत दिलीप महालनबीस या बालरोगतज्ज्ञांनी पटकीच्या रुग्णांवर तिचा व्यापक वापर केला. पश्चिम महाराष्ट्राशी अधिक जवळचा विषय मात्र भारतीय बालयकृत्‌काठिण्य हा आहे.

या रोगाची नोंद कलकत्त्यात १८८७ च्या सुमारास झाल्याचे सामान्यतः मानले जाते. सहा महिने ते पाच वर्षे वयाचे मूल चिडचिडे होते, पोट फुगते, यकृत वाढून टणक होते आणि त्याची कडा पानाच्या धारेसारखी पातळ व तीक्ष्ण हाताला लागते. कावीळ व जलोदर झाल्यावर मूल बहुधा काही महिन्यांत दगावत असे. एकाच घरातील भावंडे एकामागून एक आजारी पडत, म्हणून दीर्घकाळ तो आनुवंशिक मानला गेला. १९७८ मध्ये ऑर्सीन या रंगद्रव्याच्या रंजनाने यकृतपेशींत तांब्याचे कण दाखवण्यात आले. विल्सन रोग या आनुवंशिक विकारातही यकृतात तांबे साठते, परंतु त्यात रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन हे तांबे वाहणारे प्रथिन सहसा कमी असते. भारतीय बालरोग्यांत ते कमी नसल्याने दोन्ही रोग वेगळे ठरले.

पुढे पुण्यातील शीला भावे व आनंद पंडित यांनी ब्रिटिश बालयकृततज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासमवेत रुग्ण मुलांच्या आहाराचा इतिहास निरोगी मुलांशी ताडून पाहिला. रुग्ण मुलांना अंगावरचे दूध लवकर कमी करून वरचे दूध सुरू केलेले होते आणि ते पितळी किंवा तांब्याच्या भांड्यांत तापवले वा साठवले जाई. दुधातील केसीन हे प्रथिन तांबे धरून ठेवते. अर्भकाचे यकृत जन्मतःच तांब्याने समृद्ध असते आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची क्षमता अपुरी असते. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकते हे सांगली–साताऱ्याकडील घरांत सर्वांना ठाऊक होते, पण दुधाला तोच नियम लावला जात असेच असे नाही. कल्हई झिजली की दुधाचा संबंध थेट पितळेशी येई.

या उपपत्तीला विरोधही झाला. काही विकृतिवैज्ञानिकांच्या मते तांब्याचा साठा हे यकृतविकाराचे कारण नसून परिणाम होय. पितळी भांडी तर असंख्य घरांत होती, मग मोजकीच मुले का आजारी पडली, हा त्यांचा आक्षेप बिनतोड आहे. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात १९०० ते १९७४ या काळात १३८ अर्भकांना जडलेला अशाच स्वरूपाचा रोग येथे विचारात घेण्याजोगा ठरतो. तेथेही दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यांत तापवत, तेथेही तो ठराविक कुटुंबांतच आढळे आणि भांडी बदलल्यावर नाहीसा झाला. त्यामुळे जन्मजात प्रवणता व बाहेरून आलेले तांबे या दोहोंचा संयोग हेच स्पष्टीकरण समाधानकारक वाटते. स्वयंपाकघरात स्टेनलेस स्टील आल्यानंतर, १९९० च्या दशकापर्यंत, भारतातही हा रोग दुर्मीळ झाला. आरंभीच्या अवस्थेत पेनिसिलमीन हे शरीरातील तांबे बाहेर काढणारे औषध उपयोगी पडते.

प्रशिक्षणाचा क्रम असा : एम.बी.बी.एस. (साडेचार वर्षे व एक वर्ष आंतरवासिता), बालरोगात तीन वर्षांची एम.डी. किंवा डी.एन.बी. आणि नीट-एसएस या अतिविशेष अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेद्वारे तीन वर्षांची डी.एम. वा डीआर.एन.बी. ही अतिविशेष पदवी. लखनौची संजय गांधी संस्था व चंडीगढची पदव्युत्तर संस्था ही या विषयाची जुनी केंद्रे असून दिल्लीच्या यकृत व पित्तविज्ञान संस्थेत बालयकृताचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. अन्नमार्गात घालावयाच्या दुर्बिणीचे (एंडोस्कोपचे) काम हाताखाली बसूनच शिकावे लागते. दहा किलोंहून कमी वजनाच्या बाळासाठी ६ मिमी.पेक्षा बारीक दुर्बीण लागते. अन्ननलिकेत अडकलेला बटन सेल (खेळण्यांतील चपटी गोल बॅटरी) दोन तासांतही जखम करू शकतो, म्हणून तो काढण्यास रात्रीबेरात्रीही थांबता येत नाही.

मिरजेत विल्यम वानलेस यांचे रुग्णालय १८९४ पासून, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आणि कराडची कृष्णा संस्था १९८४ पासून आहे. या परिसरातील वैद्यकाचा पाया याच संस्थांत घातला जातो. बालजठरांत्र विषयासाठी उमेदवार प्रायः बाहेर जातो. परत आलेल्या तज्ज्ञापुढे वारंवार येणारा प्रश्न लांबलेल्या काविळीचा असतो. बाळाला कोवळ्या उन्हात ठेवण्यात आठवडे जातात आणि शी पांढुरकी असल्याचे, म्हणजे पित्त आतड्यात उतरत नसल्याचे, कोणी सांगत नाही. पित्तमार्ग बंद असल्यास कासाई शस्त्रक्रिया (यकृताला थेट आतडे जोडण्याची) साधारणतः ६० दिवसांच्या आत झालेली बरी.

सीलिॲक विकाराबाबत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रौढांच्या पाहणीत उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के व दक्षिणेत ०.१० टक्के प्रमाण आढळले. ज्वारीची भाकरी खाणारा कृष्णाकाठ त्यात नव्हता. येथील वाढ खुंटलेल्या मुलात निदान रक्तातील प्रतिपिंडे व आतड्याचा नमुना यांवरूनच करावे लागते, आणि त्याआधी गहू बंद केलेला असल्यास दोन्ही तपासण्या फसव्या ठरू शकतात.