आळस वेगळा, उशिरा येणारी झोप वेगळी

सकाळी सातला भरणाऱ्या शाळेत नववीचा पहिला तास मी बरीच वर्षं घेते आहे. हजेरीला दोनदा नाव पुकारल्यावर जी मुलं डोळे उघडतात, तीच चौथ्या तासाला हात वर करून उत्तरं देतात. तरी पालकसभेत वाक्य एकच: "आळशी झालाय हो फार."

आळस कसा असतो हे कोणाला सांगायला नको. झोप पुरी झालेली, अंगात ताकद, पण वही पूर्ण करायची म्हटलं की "नंतर करतो". यावर घरोघरी उपाय ठरलेले आहेत.

उशिरा येणारी झोप ही शरीराची गोष्ट. वयात येताना मेंदूतलं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. रात्र झाल्याची वर्दी देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक लहानपणापेक्षा उशिरा, कधी दोन तास उशिरा, वाढू लागतं. दिवसभर साठणारी झोपेची ओढही या वयात सावकाश साठते. म्हणून दहाला दिवा मालवला तरी मूल साडेअकरापर्यंत टक्क जागं असतं. अंथरुणावर पडणं म्हणजे झोपणं नव्हे, आणि नेमकी इथेच गल्लत होते. "दहाला झोपतो की!" असं आई खात्रीने सांगते. साडेपाचला उठवलं तर हिशेब करा: सहा तास. या वयाला आठ ते दहा लागतात. शिवाय तुटते ती पहाटेची झोप, जिच्यात स्वप्नांचा टप्पा सर्वांत लांब असतो.

"सगळं त्या मोबाइलमुळे" हे मला अजिबात पटत नाही. झोपेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या मेरी कार्स्केडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वयात येणं आणि उशिरा झोपण्याचा कल यांचा संबंध 1993 मध्येच मांडला होता. तेव्हा स्मार्टफोन कोणाच्या खिशात होता? मोबाइलने आगीत तेल ओतलं, पण आग आधीची.

ओळखायचं कसं? दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर हाक मारू नका. पहिले तीन-चार दिवस मागची थकबाकी फिटण्यात जातील, ते सोडा. नंतर मूल नऊ तास झोपून आपणहून ताजंतवानं उठलं, तर वर्षभर ज्याला आळस म्हणत होतात ती अपुरी झोप होती. एवढं झोपूनही वही उघडत नसेल, तर मग आळसाचं बोलू.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. चिमुकल्यांसाठी चांगलंच झालं. पण ती बहुतेक आपणहून लवकर उठणारी. ज्यांचं घड्याळ सरकतं त्या आठवी-नववी-दहावीला निर्णयात जागाच नव्हती. कॅलिफोर्नियात 2022 पासून, ग्रामीण भाग वगळता, सरकारी हायस्कूल कायद्याने साडेआठच्या आधी भरत नाही. मला तेच हवं आहे.

तोवर तोंडावर पाणी मारून उठवणं थांबवा. उठल्याबरोबर गॅलरीत उजेडात बसवा. सकाळचा उजेड हे घड्याळ मागे ओढतो. क्लासहून आल्यावर संध्याकाळची डुलकी नको. रविवारी तासभर जास्त झोपू द्या, बारापर्यंत नको. मीही पहिल्या तासाला चाचणी घेणं बंद केलंय. त्या दिवशी गणिताच्या बाईंशी तास बदलून घेते आणि चाचणी चौथ्या तासाला ठेवते.