रॅमच्या पाकिटावरचा दुसरा आकडा

रॅमच्या पाकिटावर दोन आकडे असतात. एक ठळक: ३२००, ३६००, ६०००. दुसरा त्याच्या शेजारी, बारीक अक्षरात: सीएल १६, सीएल १८, सीएल ३०. गेमिंगचा पीसी अपग्रेड करायला निघालेले बहुतेक जण पहिलाच आकडा वाचतात आणि दुकानदारही तोच सांगतो. पण गेमच्या दृष्टीने खरी गंमत दुसऱ्या आकड्यात आहे, आणि ती समजायला सोपं गणित पुरतं.

सीएलच्या आकड्याला २००० ने गुणा आणि ठळक आकड्याने भागा. येणारं उत्तर नॅनोसेकंदात असतं. ३२०० सीएल १६ ची रॅम घेतली तर उत्तर १०. तिच्यापेक्षा महाग ३६०० सीएल १८ घेतली तरी १०. डीडीआर५ या रॅमच्या नव्या पिढीतली ६००० सीएल ३० घ्या, पुन्हा १०. आणि वीस वर्षांपूर्वीची, तेव्हाच्या हौशी लोकांची आवडती डीडीआर ४०० सीएल २ घेतली तर? तेही १०!

म्हणजे ठळक आकडा पंधरापट झाला, पण मागितलेल्या माहितीचा पहिला तुकडा हाती यायला लागणारा वेळ जिथल्या तिथे राहिला. याला लेटन्सी म्हणतात; सीएलमधला एल तोच. ठळक आकडा सांगतो तो प्रवाह: ३२०० म्हणजे सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा देवाणघेवाण, प्रत्येक वेळी ८ बाइट, म्हणजे एका चॅनलवर (रॅम आणि प्रोसेसरमधल्या एका रस्त्यावर) सेकंदाला २५.६ गिगाबाइट. पंगतीत भाताचं पातेलं दुप्पट मोठं केलं तर एका फेरीत जास्त पानं वाढून होतात; पण तुम्ही हाक मारल्यावर वाढप्याला स्वयंपाकघरातून तुमच्या पानापर्यंत यायला तेवढाच वेळ लागतो.

हा वेळ कमी का होत नाही? उत्तर रॅमच्या पेशीत आहे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचलेली आणि १९६८ मध्ये पेटंट मिळालेली रचना आजही तीच आहे: एका बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कॅपॅसिटर. कॅपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर १, नसला तर ०. हा भार इतका कमी असतो की तो थेट वाचताच येत नाही. आधी पेशींची अख्खी ओळ उघडायची, त्या भारामुळे तारेवरच्या व्होल्टेजमध्ये पडलेला किंचित फरक ओळखायचा, तो मोठा करायचा, मग त्या ओळीतला हवा तो स्तंभ निवडायचा. वाचताना मूळ भार निघून जातो, म्हणून तो परत भरायचा. शिवाय भार सतत गळत असतो, त्यामुळे डीडीआर४ मध्ये साधारणपणे दर ६४ मिलीसेकंदांत प्रत्येक ओळ ताजी करावी लागते. भार वाहायला आणि स्थिरावायला लागणारा हा वेळ जाहिरातीने कमी होत नाही. इंजिनिअरांनी वाट वेगळी काढली. आतली पेशी तेवढीच संथ ठेवून एका खेपेला जास्त बिट्स काढायचे आणि बाहेरच्या तारेवरून झपाट्याने पाठवायचे. पहिल्या डीडीआरमध्ये प्रत्येक तारेमागे एका खेपेला २ बिट्स निघत, डीडीआर३ मध्ये ८, डीडीआर५ मध्ये १६.

गेमला मात्र बऱ्याचदा तुकड्यातुकड्याने माहिती लागते. हे पात्र कुठे आहे, त्याच्या हातात कोणतं शस्त्र आहे, ते शस्त्र कशाला लागलं? पहिलं उत्तर आल्याशिवाय पुढचा पत्ता कळत नाही. ते १० नॅनोसेकंद तर फक्त स्तंभ निवडल्यानंतरचे. प्रोसेसरपासून रॅमपर्यंत जाऊन परत यायला एकूण ७०-८० नॅनोसेकंद सहज लागतात. ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या घड्याळाचे तेवढ्यात जवळजवळ ३०० ठोके होऊन जातात. म्हणूनच एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर काढताना रॅमऐवजी प्रोसेसरच्या अंगावरची कॅश, म्हणजे छोटी पण वेगवान मेमरी, ३२ वरून ९६ मेगाबाइट केली. रॅमपर्यंत जायची वेळच कमी आली आणि अनेक गेम लक्षणीय वेगाने पळू लागले. असा प्रोसेसर असेल तर महागड्या रॅमचा फायदा फार उरत नाही.

२०२५ च्या अखेरीस एआयच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले, त्यामुळे खिशात हात घालण्याआधी घरची रॅम पूर्ण वेगाने चालते आहे का ते बघाच. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग दिसतो. ३२०० ची रॅम तिथे २१३३ किंवा २४०० दाखवत असेल, तर बायोसमधला (पीसी सुरू होतानाच्या सेटिंग्जमधला) एक्सएमपी, म्हणजे रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवणारा पर्याय, सुरूच केलेला नाही. असे पीसी मी कितीतरी पाहिले आहेत. (सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १६०० दिसलं तर घाबरू नका, ते खरं घड्याळ आहे, एका ठोक्यात दोनदा देवाणघेवाण होते.) दुसरं, १६ जीबीची एकच स्टिक लावली असेल तर अर्धा रस्ता बंद आहे. ८ च्या दोन स्टिक लावल्या की दोन्ही चॅनल चालू होतात. चार स्लॉट असलेल्या बोर्डवर त्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात. ज्यांनी वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेता ५६००जी सारख्या प्रोसेसरवर भागवलंय, त्यांना याचा फायदा सगळ्यात जास्त, कारण तिथे चित्र रंगवणारा भागही याच रॅमवर जगतो.

एवढं करूनही गेम अडखळत असेल तर रिझोल्यूशन कमी करून बघा. फ्रेम वाढल्या, तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा. रॅमवर पैसे घालू नका. नाही वाढल्या, तर प्रोसेसर आणि रॅमकडे बघायचं. नवी रॅम घ्यायचीच झाली, तर रायझन ५००० साठी माझी निवड ३६०० सीएल १६ असेल. तिचं गणित ८.९ नॅनोसेकंद येतं, आणि १८०० मेगाहर्ट्झचं तिचं घड्याळ प्रोसेसरच्या आतल्या जोडरस्त्याच्या घड्याळाशी जुळतं. रायझन ७००० साठी ६००० सीएल ३०. आणि जुन्या बोर्डसाठी डीडीआर५ आणू नका. खाचच वेगळी असते, ती बसणार नाही.

एक्सएमपी सुरू केल्यावर रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा. एक जरी चूक दिसली तरी वेग एक पायरी खाली आणा. चुकीचा बिट नेहमीच विंडोज बंद पाडून निळा पडदा दाखवत नाही. कधी कधी तो गुपचूप तुमच्या सेव्ह फाइलमध्ये जाऊन बसतो.