विषबाधेचा रुग्ण दाखल करताना: पोलीस नोंद, जन आरोग्य योजना आणि कागदपत्रं (सांगली जिल्हा)

फवारणीचं औषध घेतलेल्या माणसासाठी आधी १०८ ला फोन करा, कागद मागून आले तरी चालतात. ओकारी काढायला लावू नका, मिठाचं पाणी किंवा दूध पाजू नका. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणपाण्याने धुवा. औषधाची बाटली किंवा पाकीट मात्र सोबत न्या. त्यावरचं तांत्रिक नाव डॉक्टरांना हवं असतं, उपचार त्यावर ठरतो. घरचे "चक्कर आली" असं सांगतात आणि मोलाचा वेळ जातो.

लपवाछपवी होते ती पोलिसांच्या भीतीने. एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण) नोंद डॉक्टर करतात आणि पोलिसांना तेच कळवतात, नातेवाइकांनी फिर्याद द्यावी लागत नाही. रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत आहे का, हेही डॉक्टरच सांगतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र तणावाखाली असल्याचं गृहीत धरतं. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत उरलेलं नाही, सरकारी कामात अडथळा आणायला केलेल्या प्रयत्नापुरता अपवाद आहे. "पोलीस केस आहे, सिव्हिलला न्या" म्हणत तातडीचे उपचार खासगी दवाखान्यालाही टाळता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ मध्येच सांगितलं आहे.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. सांगली सिव्हिल आणि मिरज ही वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं, त्यांना तो निर्णय लागू नाही. तिथे आणि योजनेतल्या खासगी रुग्णालयात महात्मा फुले जन आरोग्य योजना कामाला येते: कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, कोणत्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं. रेशनकार्ड आणि रुग्णाचं आधार घेऊन आरोग्यमित्राला (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) भेटा. विषबाधेचं पॅकेज त्या रुग्णालयाला मंजूर आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असणं, आधारवर स्पेलिंग वेगळं असणं, इथेच गाडी अडते. तक्रारीला १५५३८८.

सगळ्यात घातक चूक लवकर घरी नेण्याची. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांत रुग्ण सावरल्यासारखा दिसतो आणि एक ते चार दिवसांत श्वासाचे स्नायू दुबळे पडू शकतात. तेव्हा व्हेंटिलेटर जवळ लागतो. त्यामुळे 'स्वतःच्या जबाबदारीवर' सही करून नेऊ नका.

घरी सोडण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी मागून घ्या, फेरतपासणीची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. एमएलसी क्रमांकही टिपून ठेवा. उरलेली फवारणीची औषधं घरात न ठेवता कुलूपबंद जागी हलवा, किल्ली दुसऱ्याकडे. बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, रात्रीही चालू असतं.