सोसायटीचा हिशेब कुणी पाहायचा? शंभर वर्षांची पार्श्वभूमी

मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. बंगळुरात १९०९ मध्येच अशी संस्था निघाली होती, पण मुंबई इलाख्यातली गृहनिर्माणाची सहकारी चळवळ धरायची ती गावदेवीपासून. तिच्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी होते. इमारत संस्थेच्या मालकीची. राहणारे तिचे भागधारक आणि भाडेकरूही. भाडं ठरवताना कुणाला नफा मिळवून द्यायचा नव्हता, कारण घेणारे आणि देणारे तेच. वांद्र्याला १९१८ मध्ये सालसेट कॅथलिक संस्था निघाली तीही याच काळातली.

‘ना नफा’ या गोष्टीचा अर्थ या मांडणीतच आहे. सभासदांकडून गोळा झालेला पैसा सभासदांवरच खर्च व्हायचा आणि उरला तर तो त्यांचाच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यंकटेश प्रिमायसेस या संस्थेच्या प्रकरणात याच तत्त्वावर हस्तांतरण शुल्क (फ्लॅट विकताना संस्था घेते ते) आणि बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा घेते ते) यांवर आयकर लागत नाही असा निकाल दिला. पैसा सगळ्यांचा असेल तर हिशेब बघण्याचा हक्कही सगळ्यांचा, हे ओघानं येतं. तो हक्क कायद्यात पूर्ण उतरायला मात्र फार वेळ लागला, आणि माझ्या मते तो अजूनही अपुराच आहे.

सुरुवातीला कायद्याचा भरवसा सभासदापेक्षा सरकारी अधिकाऱ्यावर जास्त होता. १९०४ चा सहकार कायदा पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांना वाट मोकळी केली. दोन्हींत वर्षातून किमान एकदा निबंधकाने, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, स्वतः किंवा आपल्या माणसाकडून लेखापरीक्षण करवून घ्यावं, अशी तरतूद होती. १९२५ चा मुंबई कायदा आणि पुढे १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम (२६ जानेवारी १९६२ पासून लागू) याच वाटेने गेले. कमिटी चुकली तर कलम ७८ खाली तिला दूर करणं, कलम ८३ खाली चौकशी, कलम ८८ खाली नुकसानीची वसुली, सगळ्या दोऱ्या निबंधकाच्या हाती. एक पंचमांश सभासदांनी अर्ज केला तर चौकशी लावता येते, हा अधिकार त्यातला त्यात सभासदांच्या बाजूचा.

मधल्या काळात सोसायटीचं रूपच बदललं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणं परवडेना, आणि मालकी हक्काच्या फ्लॅटचा धंदा सुरू झाला. बिल्डरांच्या फसवणुकीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारने १९६० मध्ये समिती नेमली, त्यातून १९६३ चा मालकी हक्क सदनिका कायदा, म्हणजे मोफा, आला. गावदेवीतली माणसं आधी एकत्र आली, मग घर बांधलं. मोफानंतर घर आधी विकत घेतलं जातं, सोसायटी नंतर नोंदवली जाते, आणि शेजारी कोण हे बऱ्याचदा पहिल्या सभेलाच कळतं. कारभाराची गोष्ट इथेच बिघडू लागली असं मला वाटतं. सभासदत्व सातबाऱ्यासारखं कागदावर आलं. संस्था आपण काढली आहे ही भावना राहिली नाही. मग सेक्रेटरी, खजिनदार वर्षानुवर्षं तेच, बाकीचे मेंटेनन्सचं बिल भरून मोकळे.

पैशाचा दबदबा वाढला तसे गैरप्रकारही वाढले. फ्लॅट विकताना ‘देणगी’च्या नावाखाली मोठ्या रकमा उकळल्या जाऊ लागल्या. ऑगस्ट २००१ मध्ये राज्य सरकारने दोन आदेश काढले: हस्तांतरण शुल्क जास्तीत जास्त २५,००० रुपये, आणि बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत. पुढे पुनर्विकासाची लाट आली. ३ जानेवारी २००९ च्या शासन निर्णयाने निविदा सभासदांसमोर उघडाव्यात, सभेचं व्हिडिओ चित्रीकरण व्हावं, असे नियम घातले. बिल्डर निवडताना बंद दाराआड काय चालायचं, याची कल्पना त्या नियमांवरूनच येते. ४ जुलै २०१९ ला हा निर्णय सुधारला गेला.

सर्वांत मोठं वळण आलं सहकारी संस्थांविषयीच्या २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने. ती फेब्रुवारी २०१२ पासून लागू झाली आणि महाराष्ट्राने २०१३ मध्ये आपला कायदा त्यानुसार बदलला. लेखापरीक्षक आता वार्षिक सर्वसाधारण सभेने नेमायचा, निबंधकाच्या मंजूर यादीतून. आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत लेखापरीक्षण, म्हणजे ३१ जुलैपर्यंत. सहा महिन्यांत सभा, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत. अफरातफर दिसली तर लेखापरीक्षकाने विशेष अहवाल द्यायचा आणि पोलिसांत गुन्हा नोंदवायचा. निवडणुकीसाठी स्वतंत्र प्राधिकरण आलं. शंभर वर्षं निबंधकाकडे असलेली नजर निदान कागदावर तरी सभेकडे आली. पण ज्या सभेत ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा विषय पाच मिनिटांत उरकतो आणि लेखापरीक्षकाचं नाव कमिटीच सुचवते, तिथे हा अधिकार कुणी वापरत नाही.

पुढे २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी अधिनियमात स्वतंत्र प्रकरण तेरा-ब घालण्यात आलं, लहान संस्थांना आपली निवडणूक आपणच घेण्याची मुभा मिळाली. २० जुलै २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या सहकारी संस्थांपुरता घटनादुरुस्तीचा सहकारविषयक भाग रद्द केला, कारण राज्यांच्या विधिमंडळांची संमती घेतली नव्हती. महाराष्ट्राने स्वतःच्या कायद्यात केलेले बदल मात्र राहिले.

आता मूळ प्रश्न, सभासदाला काय पाहता येतं? अधिनियम नीट वाचला तर यादी अशी: कायदा, नियम, उपविधी (संस्थेची स्वतःची नियमावली), शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, कमिटी सदस्यांची यादी, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभांची आणि कमिटीच्या सभांची इतिवृत्तं, आणि दप्तराचा तेवढाच भाग ज्यात त्या सभासदाचे स्वतःचे व्यवहार नोंदले आहेत. हे सगळं विनामूल्य पाहायला, प्रती शुल्क भरून. लिफ्टच्या कंत्राटाचं व्हाउचर, वॉटरप्रूफिंगचं बिल, तीन कोटेशनं या यादीत कुठेच नाहीत. इतिवृत्तात ‘रंगकामाचा खर्च मंजूर’ एवढी ओळ असेल तर ती ओळच काय ती मिळते. घटनादुरुस्तीतही माहितीचा हक्क सभासदाशी झालेल्या व्यवहारापुरताच लिहिला होता. भांडणं होतात ती बिलांवरून, आणि बिलं दाखवायची की नाही हे बऱ्याच ठिकाणी कमिटीच्या मर्जीवर राहतं. कायद्यातली खरी त्रुटी ही आहे.

माहितीच्या अधिकाराने ही फट बुजवता येईल असं अनेकांना वाटलं होतं. ऑक्टोबर २०१३ मध्ये केरळमधल्या थलप्पलम सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सहकारी संस्था माहिती अधिकार कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरण नाही, त्यामुळे तिच्याकडे थेट अर्ज करता येत नाही. पण निबंधक आहे, आणि कायद्याने जी माहिती तो संस्थेकडून मागवू शकतो ती त्याच्याकडे मागता येते. सोसायटीचा लेखापरीक्षण अहवाल उपनिबंधक कार्यालयात जातो. त्यात दाखवलेल्या त्रुटींवर संस्थेने तीन महिन्यांत द्यायचा दोषदुरुस्ती अहवाल, ज्याला सगळे ‘ओ फॉर्म’ म्हणतात, तोही तिथेच जातो. कमिटी कागद देत नसेल तर उपनिबंधक कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे या दोन अहवालांच्या प्रतींसाठी अर्ज करता येतो. त्यासाठी सेक्रेटरीची परवानगी लागत नाही.