गेलेली पालिका परत हवी असेल तर फाइलमध्ये काय लागतं

"आमनी पालिका व्हती भो, इंग्रजस्ना टाइमले." खानदेशातल्या जुन्या पेठेच्या गावात पारावर बसलं की हे ऐकू येतंच. १८५० च्या कायद्यानंतर छोट्या गावांनाही पालिका मिळू लागल्या, त्यामुळे ते खरंही असू शकतं. पण 'गेलेली पालिका परत द्या' असा वेगळा अर्ज नसतो. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियमाखाली तुम्ही नव्यानेच मागणी करता. गावाच्या थोरवीला तिथे गुण नाहीत. धुळे जिल्ह्यातलं थाळनेर एकेकाळी खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होती, आज तिथला कारभार ग्रामपंचायतीकडे आहे.

तपासतात ते आकडे. नगरपंचायतीसाठी, म्हणजे गावातून शहर होत असलेल्या वस्तीच्या छोट्या पालिकेसाठी, लोकसंख्या १० ते २५ हजार, आणि शेतीबाहेरचा रोजगार किमान २५ टक्के. पण हे २५ टक्के चालतात ते महापालिका किंवा 'अ' वर्ग (सगळ्यात मोठ्या गटातल्या) नगरपरिषदेच्या हद्दीपासून २५ किलोमीटरच्या आत असाल तरच. आपल्याकडे जळगाव, धुळे, भुसावळ धरून मोजा. त्याहून लांब असाल तर शेतीबाहेरचा रोजगार थेट ५० टक्के लागतो. थेट नगरपरिषद हवी तर लोकसंख्या २५ हजारांच्या वर, चौरस किलोमीटरला किमान ३०० माणसं आणि शेतीबाहेरचा रोजगार ३५ टक्के. तालुक्याच्या गावाला वाट सोपी आहे. बोदवड, साक्री, शिंदखेडा त्याच वाटेने गेले.

बहुतेक गावं अडतात ती या टक्केवारीवर. ती जनगणनेतून काढतात. काम करणाऱ्यांतून शेतकरी आणि शेतमजूर वजा करा, उरले ते शेतीबाहेरचे. समजा सहा हजार कामकरी आहेत आणि त्यात ३,६०० शेतकरी-शेतमजूर. मग ४० टक्के होतात. भुसावळजवळच्या गावाला भरपूर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाला अपुरे. जिनिंगमध्ये गाठी उचलणारा शेतीबाहेर मोजला जातो, पण कापूस वेचणारी त्याची बायको शेतमजुरात. आठवडे बाजार कितीही मोठा भरो, केळीचे ट्रक रात्रंदिवस भरोत, कागदावर गाव शेतीचंच राहतं. म्हणून ठरावाच्या आधी हा हिशेब करा.

कागद असे जोडावेत: ग्रामसभेचा आणि ग्रामपंचायतीचा ठराव, जनगणनेचा उतारा, हद्दीतल्या सगळ्या गट क्रमांकांची यादी क्षेत्रासह, भूमी अभिलेखचा नकाशा, चतुःसीमा, अंतराचा दाखला, नमुना ८ आणि ९ (ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या आणि मागणीच्या नोंदवह्या) वरून घरपट्टी-पाणीपट्टीची मागणी व वसुली, कर्मचाऱ्यांची यादी, पाणीयोजना आणि तिची थकबाकी. थकबाकी लपवू नका, ती नंतर निघतेच. आमच्या गावाची फाइल एकदा परत आली ती तीन गट यादीत होते पण नकाशावर नव्हते म्हणून. नाल्यापलीकडची ती पडीत जमीन, कुणाच्या लक्षातही नव्हती.

तहसील, जिल्हाधिकारी असं करत प्रस्ताव मंत्रालयात नगरविकास विभागाकडे पोचतो. शासनाला पटलं तर राजपत्रात प्रारूप उद्घोषणा निघते आणि हरकतींना ३० दिवस मिळतात. त्या जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्यायच्या. सगळ्यात जास्त हरकती मळ्यात राहणाऱ्यांच्या येतात: नळ नाही, दिवा नाही, कर मात्र शहराचा. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. शिवाय ग्रामीण घरकुलाच्या यादीतलं नाव पुढे चालत नाही, शहरी योजनेत नव्याने अर्ज करावा लागतो. हे ग्रामसभेत आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं.

अंतिम अधिसूचना निघाली की ग्रामपंचायत संपते, सरपंच माजी होतात आणि निवडणूक होईपर्यंत प्रशासक बसतो, बहुधा तहसीलदारच. नगरपंचायतीत १७ प्रभाग पडतात आणि प्रत्येकातून एक नगरसेवक निवडून येतो. प्रभागरचनेवरही हरकतींची संधी मिळते, तेव्हा नकाशाची एक प्रत जपून ठेवा.